पन्नासाव्या दिवशी आप्पा बोलले

आप्पांना लकवा झाला तेव्हा ईस्टरच्या आधीचा आमचा उपवासकाळ चालू होता. सकाळी ते न्हाणीत गेले आणि थोड्या वेळानं बादली उपडी झाल्याचा आवाज आला. आईनं हाक मारली, ओ आली नाही. मी दार ढकललं. ते भिंतीला टेकून खाली बसले होते, डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. माझ्याकडं बघत होते. काहीतरी सांगायचंय हे डोळ्यांत दिसत होतं, पण ओठ नुसते थरथरत होते.

सोलापूरच्या दवाखान्यात बारा दिवस काढले. उजवा पाय थोडा परत आला, उजवा हात त्याहून कमी. वाचा मात्र गेली. "हळूहळू येईल, त्यांच्याशी बोलत राहा," असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही अणदूरला परत आलो आणि बोलत राहिलो. आप्पा नुसते ऐकत.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. मागच्या बाकावर पेंगणारा माणूस त्यांच्या एका हाकेनं उठून उभा राहायचा. तोच आवाज रविवारी चर्चमध्ये. अणदुरात आमची ख्रिस्ती घरं पंधरा-सोळा, चर्च पत्र्याच्या छपराचं, आणि पाळक महिन्यातून एकदा-दोनदा येणार. बाकीचे रविवार आप्पाच उपासना चालवत. नाताळ आणि ईस्टरला पाळक हटकून येत. पेंटेकॉस्ट मात्र आप्पांच्या वाट्याला यायचा, आणि तोच त्यांचा सगळ्यात आवडता सण होता.

हा सण गावात कुणाला माहीत नाही. नाताळ सगळ्यांना कळतो, गुड फ्रायडेला सुट्टी असते. पण ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी, मेच्या शेवटी नाहीतर जूनच्या तोंडाला, हे लोक पांढरे कपडे घालून कुठं निघाले, असं माझ्या शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या. "तुमच्या या सणाला गोड काय करतेत?"  गोड काही ठरलेलं नव्हतं. आधीचे दहा दिवस रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना व्हायची आणि शेवटी तो रविवार. मी आप्पांनाच विचारलं तेव्हा त्यांनी मला अंगणात बसवून सांगितलं होतं. येशू स्वर्गात गेल्यावर त्याचे शिष्य यरुशलेमेत एका घरात जमून बसले होते. पुढं काय करावं, कळत नव्हतं. मग मोठ्या वाऱ्यासारखा आवाज झाला, अग्नीच्या जिभांसारखं काहीतरी एकेकावर येऊन बसलं, आणि ती साधी मासेमारी करणारी माणसं बोलायला लागली. सणाला मुलखामुलखातून लोक आले होते. त्या प्रत्येकाला आपापल्या घरची भाषा ऐकू आली.

"पण मग चमत्कार कुठं झाला, सांग," आप्पांनी विचारलं होतं. "जिभंत का कानात?"

मी म्हणाले, जिभेत.

"मला तर कानात वाटतो," ते म्हणाले.

दर पेंटेकॉस्टला ते चर्चच्या चार कोपऱ्यांत चार माणसं उभी करायचे. एकजण मराठीत वाचायचा, एकजण हिंदीत. हायवेवरच्या धाब्यावर जहिराबादकडचा एक आचारी होता, तो तेलुगूत. इंग्रजीत मी. चौघांनी एकदम सुरू करायचं. मोठा गलका व्हायचा, लहान मुलं हसायची. मग आप्पा हात वर करायचे, सगळं गप्प व्हायचं आणि ते विचारायचे, "कुणाला काय ऐकू आलं?" प्रत्येकाला आपल्याच भाषेतलं ऐकू आलेलं असायचं.

कानडीत वाचायला त्यांनी कधी कुणाला उभं केलं नाही. आता लिहिताना हे नवल वाटतं. आमच्या गावात निम्मा बाजार कानडी बोलतो. खुद्द आप्पांचं गाव उमरग्याच्याही पलीकडं, सरहद्दीच्या त्या बाजूला. त्यांची आई कानडी होती, घरात दुसरी भाषाच नव्हती. नवव्या वर्षी त्यांना सोलापूरला बोर्डिंगात ठेवलं आणि तिथून पुढं त्यांनी ती भाषा तोंडातून काढली नाही. मी लहानपणी एकदा त्यांच्या गाडीत होते. एक म्हातारी भराभरा कानडीत काहीतरी बोलली. आप्पांनी तिला नेमकं तिकीट फाडून दिलं, उरलेले पैसे दिले आणि मराठीत म्हणाले, "उतरायचं आलं की सांगतो." त्यांना कळत होतं. बोलायचे नाहीत.

लकव्याच्या वर्षभर आधी आमच्या चर्चच्या मंडळीला कायमचे पाळक मिळाले, सगळे त्यांना पास्टर म्हणायचे. तिशीच्या आतले, बीडकडचे, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचा मुलगा. त्यांनी स्पीकर आणला, कीबोर्ड आणला, न येणारी तरुण पोरं चर्चला आणली. पवित्र आत्मा माणसात आला की तो अन्य भाषांमध्ये बोलतो, कुणालाही न कळणाऱ्या, ती त्याची खूण, असं ते शिकवायचे. आप्पांना पटत नव्हतं. एकदा आमच्या ओसरीवर बसून त्यांनी पास्टरना विचारलंही, "जी भाषा कुणालाच कळत न्हाय, ती कुणासाठी?" पास्टर नम्रपणे म्हणाले, "देवासाठी, आप्पा." आप्पा हसले. "देवाला मराठी येतंय की."

वाद एवढाच. पण आप्पांची वाचा गेल्यावर मंडळीतल्या एका बाईनं टँकरच्या रांगेत आईला ऐकवलं, "आत्म्याला नाव ठेवल्यावर जीभ जाणारच की." आई रिकामी घागर घेऊन घरी आली. त्या दिवशी पाणी मी भरलं.

पास्टर स्वतः असं काही बोलले नाहीत, हे मी सांगायला हवं. ते रोज संध्याकाळी यायचे, आप्पांच्या पायाला तेल चोळायचे, त्यांच्याशेजारी बसून गाणी म्हणायचे. आईला म्हणायचे, "आई, पेंटेकॉस्ट येतोय. त्या दिवशी देव मुक्यांना बोलतं करतो." आईनं ते धरून ठेवलं. शेवटचे दहा दिवस तिनं एक वेळ जेवून काढले. मी रागावले की म्हणायची, "तू तुझं शिकलेलं तुझ्यापाशी ठेव. मला ह्यांचा आवाज पायजेल."

तो रविवार भयंकर तापलेला होता. पत्रा कडकड वाजत होता, वीज येत-जात होती, स्पीकर मात्र बॅटरीवर चालू होता. दोघा पोरांनी आप्पांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून पुढं नेऊन ठेवलं. त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. आईनं त्यांचे केस विंचरले होते.

प्रवचन संपल्यावर पास्टरनी आप्पांच्या डोक्यावर हात ठेवला. मग आणखी कुणीकुणी ठेवले. डोक्यावर, खांद्यावर, त्या दुखऱ्या हातावरही. स्पीकरमधून "अग्नी पाठव, प्रभू, अग्नी पाठव" असं चाललं होतं, कीबोर्डचा आवाज वर चढत होता, लोक रडत होते. एवढ्या हातांमध्ये मला आप्पांचं फक्त अर्धं तोंड दिसत होतं. ते डावीकडून उजवीकडं मान हलवत होते. आणि तेवढ्यात त्यांचा आवाज आला. तीन महिन्यांनी. घोगरा, पण त्यांचाच.

"साकु... साकु... अव्वा... मनिग होगून..."

क्षणभर सगळे थबकले. मग हालेलुयाचा जो कल्लोळ उठला तो बाहेर हायवेपर्यंत गेला असेल. पास्टरचे डोळे वाहत होते. आईनं आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. पोरांनी मोबाईल वर केले होते. आप्पा तेच तेच म्हणत राहिले आणि लोक त्यांच्यामागं "साकु, साकु" म्हणत राहिले.

मी भिंतीपाशी उभी होते. मला कानडी येत नाही. पण अव्वा म्हणजे आई, हे अणदुरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. फक्त त्या कल्लोळात शब्द ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. मला त्याच क्षणी कळलं की ही देवदूतांची भाषा नाही, आप्पांच्या गावची आहे. एवढं कळूनही मी तोंड उघडलं नाही. आई वर बघून हसत होती. इतक्या महिन्यांत ती हसली नव्हती. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे.

आजचा दिवस गेला, उद्याचा गेला. घरी माणसांची रीघ लागली. व्हिडिओ फिरला होता. तुळजापुराहून, नळदुर्गाहून, पार परंड्याहून लोक आले. आई चहा करून थकत नव्हती. लोक आप्पांच्या पलंगाभोवती डोळे मिटून बसायचे आणि ते बोलायला लागले की हात वर करायचे. आप्पा खरंच बोलत होते. रोज जास्त. एकेका चेहऱ्याकडं बघून काहीतरी म्हणायचे, थांबायचे, उत्तराची वाट बघायचे. उत्तर म्हणून स्तुती यायची. एकदा त्यांनी डाव्या हातानं स्टुलावरचा तांब्या उडवून दिला. एक पाहुणा म्हणाला, आत्म्याचं सामर्थ्य आहे. मी शिकवते त्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, नाहीतर मी तिकडं तरी पळाले असते.

आठव्या दिवशी दुपारी शेजारच्या किराणा दुकानातल्या काकू आमचं पातेलं परत द्यायला आल्या. त्या लिंगायत, माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचं. आत मंडळीतल्या दोन बायका आईबरोबर प्रार्थना करत होत्या, म्हणून त्या उंबऱ्यातच थांबल्या. आप्पा बोलत होते. काकूंनी थोडा वेळ ऐकलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग सरळ आत येऊन पलंगाशी वाकल्या आणि काय हवंय असं कानडीत विचारत म्हणाल्या, "येन ब्येकरी, अण्णा?"

आप्पांनी झटकन मान वळवली. एक-दोन शब्द बोलले आणि त्यांचे ओठ वाकडे झाले, ते लहान पोरासारखे रडायला लागले.

काकू माझ्याकडं वळल्या. "आगं पोरी, पाणी मागायलेत. कवापासनं मागायलेत, कुणी देईना म्हणत्यात."

मी पाणी आणलं. आप्पा तांब्याभर पाणी प्यायले. दोन्ही बायका उठून निघून गेल्या. काकूंना मी मोबाईलवर त्या रविवारचा व्हिडिओ दाखवला आणि हे काय म्हणतात, विचारलं. गलक्यात त्यांना दोनदा ऐकावं लागलं.

"पुरं, पुरं, म्हणत्यात. अव्वा, घरी जाऊ या."

आई चुलीकडं तोंड करून उभी होती. काकू गेल्यावर मला म्हणाली, "तिला काय कळतंय आपल्या धर्मातलं?"

"आई, ती कानडी आहे. आप्पांची कानडी."

"असंल. मग देवानं त्यास्नी कानडी दिली असंल. त्या दिवशी शिष्य बोलले त्या काय खोट्या भाषा व्हत्या? खऱ्याच व्हत्या की. तुझे आप्पाच सांगायचे."

  त्या दिवसापासून मी आप्पांजवळ पाणी ठेवायला लागले आणि काकूंकडून पाच-सहा शब्द लिहून घेतले. पाणी, भूक, लघवी, ऊन, दुखतंय. आई त्या कागदाकडं बघत नसे.

आणखी चार-पाच दिवसांनी आप्पांच्या नाकातून रक्त यायला लागलं. रक्तदाबाच्या गोळ्या आईच द्यायची, तिला वेळा पाठ होत्या. मी गोळ्यांची पिशवी काढली तर पाकिटं भरलेली. पेंटेकॉस्टनंतरच्या सोमवारपासून एकही गोळी फुटलेली नव्हती.

"ज्यास्नी देवानं बरं केलं त्यास्नी गोळ्या दिल्या तर त्येचा अपमान न्हाय व्हय?" आई म्हणाली.  तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं, पास्टरनी तर नाहीच. तिचं तिनं ठरवलं होतं. आणि ते मी तिला ठरवू दिलं होतं. पहिल्याच दिवशी बोलले असते, तर ही वेळ आली नसती.

गाडी करून सोलापूरला नेलं. दाब आटोक्यात यायला दोन दिवस लागले. डॉक्टरांना मी भाषेचं सांगितलं. ते म्हणाले, असं होतं कधीकधी, मेंदूला धक्का बसला की पुढं शिकलेलं मागं राहतं आणि लहानपणचं आधी वर येतं. मराठीही येईल, कदाचित येणार नाही. मग त्यांनी सहज विचारलं, "घरात कुणालाच कळलं नाही का, ते काय मागतात ते?"

आई ऐकत होती. बाहेरच्या बाकावर ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली. मग म्हणाली, "सेहेचाळीस वर्षं झाली लग्नाला. ह्यो माणूस माझ्यासंगं मराठीत बोलला. भांडला मराठीत, प्रार्थना केली मराठीत. आता म्हणायलेत आतला माणूस येगळाच व्हता. मग माझ्यासंगं सेहेचाळीस वर्षं बोलला त्यो कोण?"

मला तेव्हा कळलं की तिला चमत्कार का हवा होता. भाषा देवाची असली तर आप्पा तिचेच राहत होते.

अणदूरला आल्यावर मी पास्टरकडं गेले. काकूही माझ्याबरोबर आल्या. एका ख्रिस्ती पाळकाच्या खोलीत त्या पहिल्यांदाच शिरत होत्या, दारातच चप्पल काढून, अवघडून उभ्या राहिल्या. मी व्हिडिओ लावला आणि काकू एकेका शब्दाचा अर्थ सांगत गेल्या. पास्टरनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

"ते घरी जाऊ म्हणत होते आणि मी त्यांचं डोकं दाबून धरलं होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला कळलं नाही, पास्टर. मला कळलं होतं."

"मग बोलला का नाही, ताई?"

मी म्हणाले, आईसाठी. ते म्हणाले, "मी पण कुणाकुणासाठीच करतो."  आता मंडळीला सांगायचं की नाही, हा निर्णय मी त्यांच्यावर सोडला.

पुढच्या रविवारी त्यांनी स्पीकर बंद ठेवला आणि उभं राहून सगळं सांगितलं. आप्पा आजारी होते, लहानपणच्या भाषेत घरी जाऊ म्हणत होते, मी ते ऐकलं नाही, मला क्षमा करा. आवाज लहान होता, मागच्यांना नीट ऐकूही गेलं नसेल. कुणीतरी मध्येच उठून म्हणालं, "पास्टर, विश्वास डळमळला का तुमचा?" बाहेर पडताना टँकरच्या रांगेतली ती बाई माझ्याकडं बघून थुंकली नाही एवढंच. बापाचा चमत्कार पोरीनं मोडला, असं झालं. पाच घरं नळदुर्गाला दुसऱ्या सभेला जायला लागली. त्यांनी व्हिडिओ काढून टाकला नाही. तो अजूनही फिरतो, मधूनच कुणीतरी मला पाठवतं.

उरलेला सगळा जून आई माझ्याशी कामापुरतंच बोलली.

काकू मात्र रोज दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की यायच्या. पलंगाजवळ फरशीवर बसून तांदूळ निवडायच्या आणि आप्पांशी बोलायच्या. आप्पांना मुद्दाम काही विचारावं लागत नव्हतं. विहीर, म्हैस, ज्वारीचं खळं, थोरली बहीण, अंगणातली चिंच, एवढंच सगळं, फिरून फिरून. काकू मला नंतर सांगायच्या. हे सगळं मला नवीन होतं. आत्याचा आम्ही शोध घेतला, ती केव्हाच गेली होती. आप्पांना आम्ही सांगितलं नाही.

आई त्या वेळात आत काहीतरी काम काढायची. मी विचारलं, तुला सांगू का ते काय म्हणतात? "नगं," ती म्हणाली. "त्यास्नी बरं वाटतंय ना, येऊ दे तिला. मला ऐकवू नगं."

एक दिवस काकू निघताना दारात रेंगाळल्या. "आज एक बोलले, सांगू का नगं कळंना." बोर्डिंगात ठेवल्यावर आप्पांची आई त्यांना भेटायला आली होती. फडक्यात भाकरी बांधून, एवढ्या लांब. फाटकाशी उभी राहून तिनं कानडीत हाका मारल्या. पोरं तिच्या बोलण्याची नक्कल करून हसायला लागली. आप्पांना त्यांनी विचारलं, ही तुझी कोण? आप्पा म्हणाले, कोणी नाही. मराठीत म्हणाले. ती फाटकाशी बसून राहिली आणि मग गेली. पुढच्या वर्षी तापात वारली, ते त्यांना पत्रानं कळलं.

हे किती आप्पांनी सांगितलं आणि किती काकूंनी जोडलं, मला माहीत नाही. ते तुटक तुटक बोलायचे. पण ऐकल्यावर मी मागं जाऊन बसले आणि मला गाडीतली ती म्हातारी आठवली, जिला त्यांनी तिकीट दिलं आणि तिच्या भाषेतला एक शब्द दिला नाही. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. पास्टरना सांगितलं. ते अजून यायचे, पायाला तेल चोळायला. गाणी म्हणायचे नाहीत. त्यांनी काकूंकडून कानडीत विचारायला शिकून घेतलं होतं, दुखतंय का. उच्चार चुकायचा आणि आप्पा त्यांना बरोबर करून द्यायचे.

मराठी थोडी परत आली. दिवाळीच्या सुमारास त्यांनी एकदा "चहा" म्हटलं, एकदा माझं नाव घेतलं. आईला मात्र ते काही म्हणून हाक मारत नसत. पूर्वीही मारत नव्हते, आमच्याकडं तशी रीत नाही. पूर्वी "आगं" म्हणायचे. तो "आगं" आला नाही. आई त्याची वाट बघायची, हे ती चहाचा कप हातात देऊन किती वेळ उभी राहायची त्यावरून कळायचं.

नाताळानंतर आप्पांना दुसरा झटका आला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. तीन दिवस ते डोळे मिटून होते. चौथ्या दिवशी सकाळी, ऊन पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं, काकू दुकान उघडायच्या आधी डोकावल्या होत्या. आप्पांनी डोळे उघडले. आई उशाशी होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, खरंच तिच्याकडं, आणि पाच-सहा शब्द बोलले. स्पष्ट, थांबून थांबून. आईनं वाकून कान लावला. ते पुन्हा बोलले. त्यानंतर दुपारपर्यंत श्वास चालला, आणि संपला.

बायका जमल्या, पास्टर आले, दफनाचं ठरलं. त्या गडबडीत मी काकूंना न्हाणीच्या बाजूला नेऊन विचारलं. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "अव्वाला सांग, मी फाटकात उभा हाय. जाऊ नगं म्हणावं."

दफन झालं. लोक गेले. तिसऱ्या दिवशी आई माझ्याजवळ येऊन बसली. इतक्या महिन्यांत तिनं पहिल्यांदा विचारलं.

"शेवटी माझ्याकडं बघून बोलले. काय म्हणले? वाण्याच्या बाईनं सांगितलं असंल तुला."

ज्या खरेपणासाठी मी मंडळीशी वाकडं घेतलं होतं, तो सगळा माझ्याजवळ होता. पेंटेकॉस्टला गप्प बसून मी एक चूक केली होती आणि तिचं काय झालं, ते आम्ही दोघींनी सोलापूरच्या दवाखान्यात बघितलं होतं. मी आईच्या तोंडाकडं बघितलं.

"तू जेवलीस का, असं विचारलं," मी म्हणाले.

 आई हळूच म्हणाली, "मला? सेहेचाळीस वर्षांत कदी इचारलं न्हाय."

ती उठली, आत गेली. भांड्याचा आवाज आला. मी गेले तर ती ताटात भाकरी वाढून घेत होती. मरणाच्या दिवसापासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता. पहिला घास तिनं तोंडात घातला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. तिला ते खरंच पटलं होतं, का नुसतं पटवून घ्यायचं तिनं ठरवलं होतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.